वसंतातील हवामान आणि दख्खनची रब्बी शेती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय शेतीचा इतिहास हा प्रामुख्याने मान्सूनचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पाऊस वेळेवर आला की नाही, किती आला, कोठे ओढ दिली, त्यातून दुष्काळ कसा उद्भवला आणि शासनाने त्याला कसे तोंड दिले, या प्रश्नांभोवती कृषी इतिहासाचे बहुतांश लेखन फिरते. इ.स. १८७६-७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांवर विपुल साधने उपलब्ध आहेत. दुष्काळ आयोगांचे अहवाल, जिल्हा गॅझेटियर्स, महसुली पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे यांतून या संकटांचे चित्र स्पष्टपणे उभे राहते. परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाचा आणखी एक काळ तितकाच निर्णायक असतो. तो म्हणजे माघाच्या उत्तरार्धापासून चैत्र अखेरपर्यंतचा, म्हणजे साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ. या काळात रब्बीचे पीक पक्व होते, त्याची काढणी होते, खळ्यावर मळणी होते आणि धान्य घरात येते. या दोन-अडीच महिन्यांतील हवेने साथ दिली नाही, तर चार महिन्यांचे कष्ट एका दुपारीत वाया जातात.

मान्सूनची अपेशी ही पावसाच्या अभावाची आपत्ती आहे, तर वसंतातील आपत्ती ही बहुधा अवेळी आलेल्या पावसाची, गारांची, ढगाळ हवेची किंवा अकाली तापलेल्या उन्हाची असते. पहिली आपत्ती संपूर्ण जिल्ह्यांना ग्रासते, दुसरी एका गावाला झोडपते आणि शेजारच्या गावाला स्पर्शही करीत नाही. पहिलीची नोंद राज्याने घेतली. दुसरीची नोंद बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या स्मरणातच राहिली. असे का घडले आणि त्याचे परिणाम कोणाला भोगावे लागले, या प्रश्नाचा शोध घेणे हे प्रस्तुत निबंधाचे प्रयोजन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) वसंतातील हवामानाचा दख्खनमधील रब्बी पिकांवर होणारा परिणाम समजून घेणे.
२) या हवामानाचा शेतकामाच्या रचनेशी व मजुरीच्या पद्धतीशी असलेला संबंध तपासणे.
३) महसूल व्यवस्थेने या आपत्तीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले याची चिकित्सा करणे.
४) गव्हावरील तांबेरा रोगाच्या उदाहरणातून हवामान, पीक आणि बाजारपेठ यांचे नाते स्पष्ट करणे.

अभ्यासाचा मुख्य भर पूर्वीच्या मुंबई इलाख्यातील दख्खनवर, म्हणजे पुणे, अहमदनगर व सोलापूर या जिल्ह्यांच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यावर आहे. तुलनेसाठी मध्य प्रांतातील नर्मदा खोऱ्याचा विचार केला आहे. निबंधाची मांडणी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीने केली आहे. 'वसंत' हा शब्द येथे पंचांगातील चैत्र-वैशाख या काटेकोर अर्थाने वापरलेला नाही. वसंत पंचमी माघ शुद्ध पंचमीला येते, म्हणजे लोकव्यवहारात वसंताची चाहूल माघातच लागते. शेतीच्या दृष्टीने हाच अर्थ अधिक उपयुक्त आहे.

वसंतातील हवामानाचे स्वरूप

दख्खनचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर आहे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर जमीन झपाट्याने तापू लागते. दिवसा उष्णता आणि रात्री गारवा असा मोठा फरक या काळात जाणवतो. सामान्य वर्षी आकाश निरभ्र असते, हवा कोरडी असते आणि दुपारनंतर वारा वाढतो. पीक वाळण्यास व मळणीस ही स्थिती आदर्श होय.

मात्र काही वर्षी उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी विक्षोभांचा प्रभाव दक्षिणेकडे सरकतो. वायव्येकडील कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे पठारावर एकमेकांस भेटतात. खालची तापलेली हवा वेगाने वर जाते आणि दुपारी किंवा सायंकाळी वादळी ढग तयार होतात. या महिन्यांत हवेतील गोठणबिंदूची पातळी पावसाळ्यापूर्वीच्या मे महिन्याच्या तुलनेने खाली असते. त्यामुळे ढगात तयार झालेली गार पूर्णपणे वितळण्यापूर्वीच जमिनीवर पोहोचते. फाल्गुन-चैत्रात होणाऱ्या गारपिटीचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. अशा ढगाचा पट्टा अनेकदा अरुंद असतो. त्यामुळे एका शिवारातील ज्वारी आडवी होते आणि ओढ्यापलीकडील शिवार कोरडे राहते. हा स्थानिकपणा पुढे महसुली प्रश्नाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा ठरला, म्हणून तो येथे विशेषत्वाने नमूद केला आहे.

भारतीय हवामान विभागाची स्थापना इ.स. १८७५ मध्ये झाली. त्यानंतर गारपिटीच्या नोंदी पद्धतशीरपणे गोळा होऊ लागल्या. सर जॉन इलियट यांनी इ.स. १८८३ ते १८९७ या काळातील भारतातील गारपिटींचा अभ्यास १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. इ.स. १८८८ च्या एप्रिलमध्ये मुरादाबाद येथे झालेल्या गारपिटीत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. अशा भयंकर घटना नोंदल्या गेल्या. परंतु ज्या गारपिटीत माणूस मरत नाही, केवळ पीक मरते, तिची नोंद गावाबाहेर क्वचितच गेली.

रब्बी पिकांवरील परिणाम

दख्खनच्या पूर्व भागात काळी जमीन हाच शेतकऱ्याचा जलसाठा होता. भाद्रपद-आश्विनातील पावसाचा ओलावा ही जमीन धरून ठेवते आणि त्यावर ज्वारी, हरभरा, करडई, गहू व जवस ही पिके वाढतात. शाळू ज्वारीची पेरणी साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते आणि काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. पीक निसवल्यानंतर जमिनीतील ओल कमी होत जाते व जमिनीला भेगा पडतात. वारंवार कोळपणी करून या भेगा बुजविण्याची पद्धत म्हणजे ओल टिकविण्याचा पारंपरिक उपाय होय.

या अवस्थेत हवामानाचे परिणाम परस्परविरोधी असतात. उन्हाळा लवकर सुरू झाला आणि ओल संपली, तर ज्वारीचा दाणा बारीक राहतो. ताट आतून पोकळ होऊन खडखड्या रोगाने पीक लोळते. याउलट पौष-माघात ढगाळ हवा टिकली, तर ज्वारीवर व करडईवर मावा पडतो. ज्वारीच्या पानांवर चिकटा येतो आणि कडबाही जनावरांच्या उपयोगाचा राहत नाही. दाणा पक्व झाल्यावर पाऊस पडल्यास तो काळा पडतो. असे धान्य खाण्यास चालत असले, तरी बाजारात त्यास भाव मिळत नाही. ज्या शेतकऱ्यास धान्य विकूनच सारा भरावयाचा होता, त्याच्या दृष्टीने दाणा काळा पडणे आणि पीक बुडणे यांत फारसा फरक नव्हता.

हरभऱ्याच्या पानांवरील आंब हे त्या पिकाचे वैशिष्ट्य आहे. फुलोऱ्यात पाऊस झाल्यास आंब धुऊन जाते, फुले गळतात आणि ढगाळ हवेत घाटेअळीचा प्रादुर्भाव वाढतो. गव्हास दाणे भरताना थंड व कोरडी हवा लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तापमान अकस्मात वाढल्यास ओंबी वेळेआधी पिकते आणि दाणा चिमतो. इ.स. २०२२ च्या मार्च महिन्यात उत्तर भारतात याचाच अनुभव आला. १९०१ पासूनच्या नोंदींनुसार देशातील तो सर्वांत उष्ण मार्च होता. त्यावर्षी गव्हाच्या उत्पादनाचे अंदाज खाली आले आणि १३ मे २०२२ रोजी केंद्र शासनाने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. वसंतातील काही आठवड्यांची उष्णता आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या धोरणापर्यंत कशी पोहोचते, याचे हे अलीकडचे उदाहरण होय.

शेतकाम आणि मजुरी

हवामानाचा परिणाम केवळ पिकावर होतो असे मानणे अपुरे आहे. वसंतातील शेतकामाचा संपूर्ण दिनक्रम हवेनुसार आखलेला होता. हरभरा पहाटे, दव असताना उपटला जाई. ऊन चढल्यावर हात लावल्यास घाटे गळतात. ज्वारी मुळासकट उपटण्याचे काम दीर्घकाळ चाले. त्यानंतर पेंढ्या बांधणे, त्यांचे ढीग रचणे, कणसे खुडणे ही कामे होत. कणसे खुडण्याचे काम बहुतांशी स्त्रिया करीत. खळ्यासाठी जागा ठोकून, शेणाने सारवून घट्ट केली जाई. मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती बैलांची पात फिरविली जाई. मळणीसाठी कडक ऊन हवे, कारण तापलेल्या कणसातूनच दाणा सुटतो. उफणणीसाठी मात्र वारा हवा. वावडीवर उभे राहून सुपाने किंवा पाटीने धान्य वाऱ्यावर सोडण्याचे काम वारा पडल्यास थांबत असे आणि वारा सुटल्यास रात्रीही चालत असे.

या कामांना अनेक आठवडे लागत. म्हणजेच पीक शेतातून निघाल्यावरही बराच काळ ते उघड्यावरच असे. उभ्या पिकावर पाऊस पडला तर काही अंशी ते सावरते, परंतु खळ्यावरील कणसे भिजल्यास दाण्यास मोड येतात व कडबा कुजतो. त्यामुळे खळ्याचा काळ हा शेतकरी कुटुंबासाठी सर्वाधिक चिंतेचा काळ असे. रास पूर्ण होऊन घरी येईपर्यंत पीक आपले म्हणू नये, ही भावना ग्रामीण जीवनात खोलवर रुजलेली होती. राशीच्या पूजेचा अर्थही या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो.

या संदर्भात एक बाब अधिक लक्ष देण्याजोगी आहे. खळे हे केवळ मळणीचे स्थान नव्हते, तर ते वाटपाचेही स्थान होते. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग इत्यादी बलुतेदारांचा वाटा खळ्यावरच दिला जाई. मजुरांची मजुरीही अनेक ठिकाणी पेंढ्यांच्या किंवा धान्याच्या रूपाने मिळे. काढणीनंतर शेतात पडून राहिलेली कणसे, म्हणजे सरवा, वेचून भूमिहीन कुटुंबांतील स्त्रिया व मुले काही दिवसांचे धान्य जमवीत. अवकाळी पावसाने रास घटली की बलुते घटे, पेंढी हलकी होई आणि सरवा कुजून जाई. शेतकऱ्याचे नुकसान निदान आणेवारीच्या चर्चेत येऊ शकत होते. सरवा वेचणाऱ्या स्त्रीचे नुकसान कोणत्याही दप्तरात येण्याचा मार्गच नव्हता. तिच्या नावे शेत नव्हते, म्हणून सारा नव्हता, आणि सारा नव्हता म्हणून सूटही नव्हती.

अवकाळी पावसाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. रब्बीचे पीक निघाल्यावर काळी जमीन दगडासारखी कठीण होते. लाकडी नांगराने ती नांगरण्यास अनेक जोड्या बैल लागत. चैत्र-वैशाखातील एखादा वळीव पाऊस जमीन मऊ करी आणि नांगरट सुकर होई. म्हणजे ज्याचे खळे उरकले त्यास हा पाऊस लाभदायक, आणि ज्याचे खळे शिल्लक त्यास तोच पाऊस घातक ठरे. खळे लवकर उरकण्यासाठी बैल, माणसे व साधने लागतात. ती ज्याच्याकडे होती त्याची जोखीम कमी होती. एकबैली शेतकरी सावड करून, इतरांची पाळी झाल्यावर आपले काम उरकी. त्यामुळे पाऊस सर्वांवर सारखाच पडत असला, तरी त्याचा फटका सर्वांना सारखा बसत नव्हता. हवामानाचा इतिहास हा सामाजिक विषमतेचाही इतिहास असतो, तो या अर्थाने.

गुढीपाडव्यास सालगड्यांचे करार होण्याची मराठवाडा-विदर्भातील प्रथा हे या ऋतुचक्राचेच फलित आहे. रब्बीची रास घरात आल्यावरच मालकास पुढील वर्षाचा विचार करता येई. वसंत बिघडला की या करारांवरही त्याचे सावट पडणे स्वाभाविक होते.

महसूल व्यवस्था आणि 'सरासरी'चे तत्त्व

मराठा काळातील महसुली व्यवहारात 'अस्मानी-सुलतानी' ही संज्ञा आढळते. अस्मानी म्हणजे निसर्गाकडून आलेली आपत्ती आणि सुलतानी म्हणजे स्वाऱ्या, लूट किंवा राज्यकर्त्यांकडून झालेला उपद्रव. अशा प्रसंगी पाहणी करून वसुलीत सूट देण्याचा प्रघात होता. ही सूट नेहमी न्याय्य असे किंवा वेळेवर मिळे, असे म्हणता येणार नाही. तथापि त्या वर्षीच्या पिकाची अवस्था पाहून मागणी ठरविण्याचे तत्त्व त्या व्यवस्थेत होते.

इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाल्यानंतर दख्खनमध्ये रयतवारी पद्धती आली. रॉबर्ट कीथ प्रिंगल यांनी केलेली पहिली आकारणी अवास्तव ठरली व अनेक शेतकऱ्यांनी जमिनी सोडल्या. त्यानंतर इ.स. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची आकारणी हाती घेतली. हीच पद्धत पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालाद्वारे मुंबई इलाख्याच्या सर्वेक्षणाचा पाया ठरली. तीस वर्षांसाठी सारा निश्चित करावयाचा आणि तो इतका माफक ठेवावयाचा की चांगल्या वर्षातील बचतीतून वाईट वर्ष निभावता यावे, हे तिचे मुख्य सूत्र होते. दरवर्षी पाहणी करून सूट देण्यातील भ्रष्टाचार व अनिश्चितता टाळणे हाही त्यामागील हेतू होता.

येथे एक योगायोग लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या इंदापुरात ही पद्धत प्रथम राबविली गेली, तो तालुका प्रामुख्याने रब्बीचा आहे. पर्जन्यछायेतील, काळ्या जमिनीचा आणि शाळूवर अवलंबून असलेला हा प्रदेश वर्षावर्षांतील टोकाच्या चढउतारांसाठी प्रसिद्ध होता. सरासरी काढणे हिशेबासाठी सोयीचे होते, परंतु शेतकरी सरासरीवर जगत नाही. गारपीट ज्या वर्षी येते त्या वर्षी ती सरासरीने येत नाही. चांगल्या वर्षाची बचत घरात शिल्लक असेल तरच हे सूत्र चालणार होते. प्रत्यक्षात ती बचत अनेकदा सावकाराच्या वहीत आधीच जमा झालेली असे.

साऱ्याच्या हप्त्यांच्या तारखांचा प्रश्न याच्याशी निगडित होता. हप्ता पीक विकण्याआधी किंवा भाव पडलेले असताना भरावा लागला, तर शेतकरी सावकाराकडे जाई. रब्बीच्या पट्ट्यात काढणी लांबली, पावसाने मळणी थांबली किंवा दाणा काळा पडला, की ही निकड तीव्र होई. इ.स. १८७५ च्या मे महिन्यात सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांची कारणे अनेक होती. कापसाच्या तेजीनंतरची मंदी, वाढीव आकारणी, न्यायालयीन हुकूमनामे आणि सावकारी व्याज ही त्यांतील प्रमुख होत. वसंतातील हवामानास त्या दंग्यांचे कारण म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु सुपे व त्या लगतच्या रब्बी पट्ट्यातील शेतकरी साऱ्यासाठी सावकारावर का अवलंबून होता, हे समजून घेताना धान्य घरात येण्याची अनिश्चितता दुर्लक्षून चालणार नाही.

पुढील काळात सूट व तहकुबीचे नियम तयार झाले. त्यांत व्यापक आपत्ती व स्थानिक आपत्ती असा भेद करण्यात आला. दुष्काळासारख्या व्यापक आपत्तीत संपूर्ण क्षेत्रासाठी आणेवारी काढून सवलत देता येई. गारपीट, पूर, टोळधाड यांसारख्या स्थानिक आपत्तीत मात्र प्रत्येक शेताची स्वतंत्र चौकशी अपेक्षित होती. तत्त्वतः हा भेद योग्यच होता. व्यवहारात मात्र चौकशी होईपर्यंत शेतकऱ्यास नुकसानीचा पुरावा शेतात तसाच ठेवणे शक्य नसे. आडवी झालेली ज्वारी उचलली नाही तर उरलेले धान्यही जाते, आणि उचलली तर पाहणीस काही उरत नाही, अशा पेचात तो सापडे. शिवाय आणेवारी ही मुख्यतः उभ्या पिकाची नजरपाहणी होती. खळ्यावर भिजलेल्या राशीस तिच्यात स्वाभाविक स्थान नव्हते.

आणेवारी हा किती वादग्रस्त विषय होता, हे इ.स. १९१८ च्या खेडा सत्याग्रहातून दिसून येते. तेथे अतिवृष्टीने पीक बुडाले होते. पीक चार आण्यांहून कमी असल्यास साऱ्याची वसुली पूर्णतः तहकूब होण्याची तरतूद होती, आणि पीक किती आणे आले यावरच शासन व शेतकरी यांच्यात मतभेद होते. खेड्याचा प्रदेश व पीकपद्धती दख्खनहून भिन्न आहे. तरीही मुंबई इलाख्यातील एकाच नियमावलीखाली हा संघर्ष घडला, म्हणून तो येथे प्रस्तुत आहे. पिकाचे नुकसान मोजण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या लढ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता.

तांबेरा : नर्मदा खोऱ्याचा अनुभव

वसंतातील हवामानाची विध्वंसक शक्ती गव्हावरील तांबेऱ्याच्या रूपाने नर्मदा खोऱ्यात वारंवार प्रकट झाली. विल्यम स्लीमन यांनी १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवास व आठवणींच्या ग्रंथात सागर-नर्मदा प्रदेशातील गव्हावर पडलेल्या रोगाचे विस्तृत वर्णन केले आहे. लोक या रोगाचा संबंध दैवी कोपाशी व नैतिक अपराधांशी जोडीत असल्याचेही त्यांनी नोंदविले. या समजुतीकडे केवळ अंधश्रद्धा म्हणून पाहणे पुरेसे नाही. ज्या आपत्तीचे कारण डोळ्यांस दिसत नाही आणि जी भरल्या पिकास अवघ्या काही दिवसांत नष्ट करते, तिचा अर्थ लावण्याचा तो एक प्रयत्न होता.

इ.स. १८६० ते १८९० या काळात मध्य प्रांताच्या शेतीत मोठे परिवर्तन घडले. लोहमार्ग आले, इ.स. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि १८७३ मध्ये गव्हावरील निर्यात कर रद्द झाला. नर्मदा खोऱ्यातील गहू युरोपच्या बाजारात जाऊ लागला. गव्हाखालील क्षेत्र वाढले, जमिनीच्या किमती वाढल्या आणि त्याबरोबर कर्जही वाढले. मात्र १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात लागोपाठ काही वर्षे हिवाळ्यात व वसंताच्या प्रारंभी अतिरिक्त पाऊस व ढगाळ हवा राहिली. तांबेऱ्याने गव्हाचे, तसेच जवसाचेही मोठे नुकसान झाले. या पार्श्वभूमीवर १८९६-९७ चा दुष्काळ आला. म्हणजे ज्या समाजावर दुष्काळ कोसळला तो आधीच्या वर्षांतील अतिपावसाने दुर्बळ झालेला होता. केवळ दुष्काळाच्या वर्षाकडे पाहणाऱ्या इतिहासात हा पूर्वार्ध झाकला जातो.

तांबेऱ्याचे शास्त्रीय कोडे विसाव्या शतकात उलगडले. आग्रा येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. के. सी. मेहता यांनी दीर्घ संशोधनातून असे दाखविले, की मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळ्यात या रोगाची बुरशी टिकू शकत नाही. ती डोंगराळ प्रदेशात तग धरते आणि दरवर्षी तेथून वाऱ्याबरोबर मैदानात येते. पुढे एल. एम. जोशी व एस. नागराजन यांच्या संशोधनातून खोडावरील तांबेऱ्याचा उगम निलगिरी व पळणी टेकड्यांशी आणि त्याचा प्रसार बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांशी निगडित असल्याचे स्पष्ट झाले. इ.स. १९४६-४७ मध्ये मध्य भारतात तांबेऱ्याची भीषण साथ आली. अन्नटंचाई व फाळणीच्या त्या काळात तिचे परिणाम अधिकच जाचक ठरले. डॉ. बी. पी. पाल यांच्या प्रयत्नांतून १९५४ मध्ये एन. पी. ८०९ हा तिन्ही प्रकारच्या तांबेऱ्यास प्रतिकार करणारा वाण प्रसारित झाला. ज्या आपत्तीचे कारण एके काळी पापात शोधले गेले, तिचे उत्तर शंभर वर्षांनी बियाण्यात सापडले.

विज्ञान, अंदाज आणि शेतकरी

हवामान विभागाचे मुख्यालय इ.स. १९२८ मध्ये पुण्यात आले. १९३२ मध्ये पुण्यातच डॉ. एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पिकाच्या पातळीवरील तापमान, ओलावा व वारा यांचा अभ्यास हे या विभागाचे वैशिष्ट्य होते. याच दशकात सोलापूर येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले आणि मोहोळ येथे मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने एम. ३५-१ हा वाण तयार झाला. कमी ओलाव्यात तग धरणारा, टपोऱ्या मोतिया दाण्याचा व चांगल्या कडब्याचा हा वाण आजही शेतकऱ्यांच्या पसंतीस उतरतो. शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या स्थानिक वाणातून तो निवडला गेला, ही बाब पारंपरिक ज्ञानाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

इ.स. १९४५ पासून आकाशवाणीवरून शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता प्रसारित होऊ लागली आणि १९७६ पासून कृषी सल्ला सेवा सुरू झाली. मळणी यंत्राच्या प्रसारामुळे खळ्याचा काळ आठवड्यांवरून दिवसांवर आला. अंदाज व यंत्र या दोहोंनी वसंतातील जोखीम निश्चितच कमी केली. परंतु यंत्राबरोबर खळे गेले आणि खळ्याबरोबर बलुते व सरवाही गेला. ज्यांचा वाटा खळ्यावर ठरत होता, त्यांना या बदलात काय मिळाले, हा प्रश्न उरतोच.

अलीकडील अनुभव

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीने या विषयाकडे पुन्हा लक्ष वेधले. राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत गहू, हरभरा, ज्वारी, कांदा, द्राक्षे व डाळिंब यांची हानी झाली. इ.स. २०१५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही अवकाळी पावसाने नुकसान केले. त्याच वर्षी मदतीसाठी आवश्यक असलेली पीकहानीची मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणण्यात आली. इ.स. २०१६ च्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मूळ रचनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीचा, तसेच काढणीनंतर १४ दिवसांपर्यंत शेतात सुकविण्यासाठी पसरलेल्या पिकाच्या हानीचा समावेश होता. खळ्यावर भिजलेल्या राशीस धोरणात स्थान मिळण्यास अशा रीतीने शतकाहून अधिक काळ लागला. इ.स. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'सततचा पाऊस' ही नैसर्गिक आपत्ती मानण्याचा निर्णय घेतला. मात्र २०२५ मध्ये राज्यात पीक विम्याची रचना बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांतून निघणाऱ्या मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर आधारण्यात आली. इंदापुरात सुमारे १९० वर्षांपूर्वी उपस्थित झालेला सरासरीचा प्रश्न अशा प्रकारे नव्या स्वरूपात पुन्हा समोर आला आहे.

निष्कर्ष

१) दख्खनच्या रब्बी पट्ट्यात वसंतातील हवामान हे मान्सूनइतकेच निर्णायक होते. त्याच्या आपत्ती स्थानिक व अल्पकालीन असल्यामुळे त्या इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिल्या.

२) वसंतातील शेतकामाची रचना हवेच्या सूक्ष्म जाणिवेवर आधारलेली होती. काम उरकण्याची क्षमता बैल, मनुष्यबळ व साधने यांवर अवलंबून असल्याने एकाच पावसाचे परिणाम निरनिराळ्या वर्गांवर निरनिराळे झाले.

३) सरासरीवर आधारित आकारणीमुळे महसूल व्यवस्थेत सुसूत्रता आली, परंतु गावागणिक बदलणाऱ्या आपत्तीचा भार शेतकऱ्यावर पडला. नुकसान मोजण्याची पद्धत हा केवळ तांत्रिक भाग नसून तो न्यायाचा प्रश्न आहे.

४) नर्मदा खोऱ्यातील तांबेऱ्याच्या अनुभवावरून असे दिसते, की दुष्काळाचा अभ्यास त्यापूर्वीच्या वर्षांतील वसंताचा विचार केल्याशिवाय अपूर्ण राहतो.

५) ज्यांच्याजवळ जमीन नव्हती अशा मजूर स्त्रिया, बलुतेदार व सरवा वेचणारी कुटुंबे यांची हानी कोणत्याही नोंदीत आली नाही. लिखित साधनांच्या मर्यादेमुळे त्यांचा इतिहास मौखिक परंपरेतूनच शोधावा लागेल.

या शेवटच्या मुद्द्याबाबत महाविद्यालयीन पातळीवर बरेच काही करता येण्यासारखे आहे. आपल्या वर्गात बसणारे अनेक विद्यार्थी रब्बीच्या गावांतून येतात. ज्यांनी तिवड्याभोवती बैल हाकले, पहाटेच्या दवात हरभरा उपटला व सरवा वेचला, ती पिढी त्यांच्या घरांत अद्याप आहे, पण फार काळ राहणार नाही. इतिहास विभागांनी या आठवणींच्या संकलनाचे काम वेळीच हाती घेतल्यास, दप्तराबाहेर राहिलेल्या या इतिहासास निदान काही अंशी लिखित रूप मिळू शकेल.